ध्यानचंद : गोलांच्या मोजदादीपलीकडचे सेंटर फॉरवर्ड

नवी दिल्ली, २९ ऑगस्ट : इंडिया गेटजवळच्या राष्ट्रीय स्टेडियममधील मेजर ध्यानचंद यांच्या पुतळ्याला दरवर्षी आजच्या दिवशी पुष्पहार अर्पण केले जातात आणि त्याच सुमारास हॉकीच्या जाणकारांमध्ये एक जुना वाद नव्याने रंगतो. भारतीय आघाडीच्या फळीतील सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण? ध्यानचंद की बलबीरसिंग? रूपसिंग, के. डी. सिंग ‘बाबू’, उधमसिंग यांचे स्थान कोणते? वाराणसीचे महंमद शाहिद आणि पुण्याजवळच्या खडकीचे धनराज पिल्ले यांना या मालिकेत कोठे बसवायचे? वादाचा निकाल बहुधा गोलांच्या आकड्यांवर लावला जातो. ज्यांना बहुतेक जण पहिला क्रमांक देतात, त्या ध्यानचंद यांनी मात्र आपला सर्वोत्तम सामना म्हणून जो निवडला, त्यात त्यांच्या नावावर एकही गोल नव्हता. त्यांच्या कारकिर्दीकडे पाहताना ही गोष्ट सहसा विसरली जाते.

ध्यानचंद यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०५ रोजी अलाहाबाद, म्हणजे आजच्या प्रयागराज येथे झाला. वडील समेश्वर दत्त सिंग ब्रिटिश हिंदी सैन्यात होते आणि स्वतः हॉकी खेळत. त्यांच्या बदल्यांमुळे मुलांचे शिक्षण सहा इयत्तांच्या पुढे गेले नाही. पुढे हे कुटुंब झाशीला स्थिरावले. मराठी वाचकाला झाशी राणी लक्ष्मीबाईंमुळे आपली वाटते. तिची दुसरी ओळख या घराने घडवली. लहानपणी ध्यानसिंग यांना हॉकीची विशेष ओढ नव्हती. त्यांचे मन कुस्तीत रमत असे.

हॉकी त्यांच्या आयुष्यात आली ती दिल्लीत. १९२२ साली, वयाच्या सतराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, ते दिल्लीत असलेल्या फर्स्ट ब्राह्मण रेजिमेंटमध्ये साधे शिपाई म्हणून भरती झाले. या रेजिमेंटमध्ये हॉकीचे वेड होते आणि त्या वेडाचे केंद्र होते सुभेदार मेजर बाले तिवारी. या गृहस्थांनी नव्या रंगरुटाच्या हाती स्टिक दिली आणि खेळाचे पहिले धडे दिले. छावणीत खेळासाठी ठरावीक वेळ नसे. मोकळा वेळ मिळेल तेव्हा स्टिक उचलायची, एवढाच शिरस्ता. दिवसाची कामगिरी संपल्यावर चांदण्यात सराव करणाऱ्या या शिपायाला सोबती चंद म्हणू लागले आणि ध्यानसिंगचे ध्यानचंद झाले, असे सांगितले जाते. कथा गोड आहे. नावाचा दुसरा उलगडाही सांगितला जातो.

पहिली चार वर्षे त्यांचा खेळ लष्करी स्पर्धांपुरताच होता. झेलम येथील पंजाब इन्फंट्री स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यांचा संघ दोन गोलांनी मागे होता आणि अवघी चार मिनिटे उरली होती. त्या चार मिनिटांत ध्यानचंद यांनी तीन गोल करून सामना फिरवला. हॉकीचा जादूगार हे बिरुद त्यानंतर त्यांना चिकटले. १९२६ मध्ये हिंदी लष्कराचा संघ न्यूझीलंडला गेला तेव्हा त्यात त्यांची निवड झाली. या संघाने २१ सामन्यांपैकी १८ जिंकले, २ बरोबरीत सोडवले आणि फक्त १ गमावला. परतल्यावर शिपायाचे लान्स नाईक झाले.

१९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिम्पिकसाठी हिंदी हॉकी महासंघाने प्रथमच संघ पाठवायचे ठरवले. महासंघ तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा होता. निवडीसाठी कलकत्त्यात आंतरप्रांतीय स्पर्धा घेण्यात आली आणि संयुक्त प्रांताकडून खेळणारे ध्यानचंद संघात आले. जहाजावर चढण्यापूर्वी मुंबईत एक सामना झाला आणि मुंबईच्या संघाने भावी ऑलिम्पिक विजेत्यांना ३–२ असे हरवले! बोट सुटताना बंदरावर निरोप द्यायला फक्त तीन माणसे होती : महासंघाचे अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि एक पत्रकार. अ‍ॅमस्टरडॅममध्ये या संघाने पाच सामन्यांत २९ गोल केले आणि एकही गोल स्वीकारला नाही. त्यांतले १४ गोल ध्यानचंद यांचे होते. अंतिम सामन्याच्या वेळी संघातील काही प्रमुख खेळाडू आजारी होते, स्वतः ध्यानचंद यांनाही बरे नव्हते. तरी यजमान हॉलंडचा ३–० असा पराभव झाला. संघ परतला तेव्हा त्याच मुंबई बंदरावर स्वागताला गर्दी लोटली.

१९३२ मध्ये त्यांच्या पलटणीने आंतरप्रांतीय स्पर्धेसाठी रजा नाकारली. महासंघाने त्यांना निवड चाचणीविनाच संघात घेतले. या वेळी धाकटे भाऊ रूपसिंग सोबत होते. लॉस एंजेलिसला हॉकीसाठी अवघे तीन संघ आले होते. भारताने जपानला ११–१ आणि अमेरिकेला २४–१ असे हरवले. अमेरिकेविरुद्ध रूपसिंग यांनी १० तर ध्यानचंद यांनी ८ गोल केले. दोन सामन्यांतील ३५ गोलांपैकी २५ या दोन भावांचे. हा आकडा आजही अभिमानाने सांगितला जातो, पण त्याचे वजन जपून करायला हवे. अमेरिकेचा तो संघ नवशिका होता आणि त्या काळात हॉकीत मातब्बर असलेला ब्रिटन १९२८, १९३२ आणि १९३६ या तिन्ही ऑलिम्पिकमध्ये हॉकीच्या मैदानात उतरलाच नव्हता. या एका दौऱ्यातील ३७ सामन्यांत संघाने ३३८ गोल केले आणि त्यांतले १३३ ध्यानचंद यांचे होते, हेही त्याच जपणुकीने वाचावे.

त्यांची खरी परीक्षा झाली ती ऑलिम्पिकमध्ये नव्हे, तर देशातल्या स्पर्धांत. तेव्हाचे सर्वांत कसलेले हॉकीपटू भारतातच होते. १९३३ साली ध्यानचंद झाशी हिरोज या आपल्या गावच्या क्लबकडून कलकत्त्याच्या बायटन कप स्पर्धेत उतरले. अंतिम सामना कलकत्ता कस्टम्सशी होता. कस्टम्सचा संघ नावाजलेल्या खेळाडूंचा, मैदान त्यांच्या ओळखीचे आणि प्रेक्षक त्यांच्या बाजूचे. बराच वेळ झाशीचा संघ आपल्याच वर्तुळाभोवती कोंडला गेला होता. अशा वेळी मध्य मैदानातून ध्यानचंद यांनी बचाव फळी भेदणारा एक लांब पास सोडला. इस्माईल या खेळाडूने तो पकडून जवळजवळ अर्धे मैदान धावत गोल केला. झाशी हिरोज १–० ने जिंकले. पुढे आत्मचरित्रात आपला सर्वोत्तम सामना म्हणून ध्यानचंद यांनी तीन ऑलिम्पिक अंतिम सामन्यांना मागे ठेवून या लढतीचे नाव घेतले.

या निवडीचे मर्म समजायचे तर त्या काळची हॉकी डोळ्यांसमोर आणावी लागते. आघाडीच्या फळीत पाच जण असत : मध्ये सेंटर फॉरवर्ड, त्याच्या दोन अंगांना इनसाइड राइट आणि इनसाइड लेफ्ट, आणि कडेला दोन विंगर. ऑफसाइडचा नियम इतका कडक होता की, प्रतिस्पर्ध्याच्या क्षेत्रात पास निघताना चेंडूच्या पुढे असलेल्या खेळाडूच्या आणि गोलरेषेच्या मध्ये प्रतिपक्षाचे किमान तीन खेळाडू असावे लागत. म्हणजे गोलाजवळ उभे राहून चेंडूची वाट पाहण्याची सोयच नव्हती. पास देणाऱ्याने धावणाऱ्याची गती, बचावपटूंची जागा आणि क्षण हे तिन्ही अचूक साधले तरच हल्ला पुढे सरके; पाव सेकंद उशीर झाला की पंचांची शिट्टी. मैदान गवताचे, चेंडूला उसळी, आणि बदली खेळाडूची मुभा नाही. अशा खेळात पाच जणांच्या फळीचा मध्यबिंदू असलेला माणूस स्वतः किती गोल करतो यापेक्षा उरलेल्या चौघांना किती मोकळे करतो, याला महत्त्व होते.

ध्यानचंद यांच्या स्टिकला चेंडू चिकटून राही, ही आठवण पुष्कळांनी सांगितली आहे. स्टिकमध्ये चुंबक आहे की काय हे पाहण्यासाठी ती मोडून तपासल्याची दंतकथा त्यातूनच जन्मली. परंतु चेंडू स्टिकला चिकटवून ठेवणारे खेळाडू भारताने नंतरही खूप पाहिले. ध्यानचंद यांचे वेगळेपण चेंडू कधी सोडायचा हे कळण्यात होते. रूपसिंग यांच्या १९३२ मधील गोलांमागेही शेजारी उभ्या असलेल्या थोरल्या भावाची ही जाण होतीच. ध्यानचंद मात्र रूपसिंग यांना आपल्याहून सरस मानीत, असे सांगतात. त्यात भावाचे प्रेम किती आणि पारख किती, हे सांगणे कठीण.

१९३५ च्या न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया दौऱ्यात ४३ सामन्यांत २०१ गोल केल्यानंतर १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकसाठी कर्णधारपद ध्यानचंद यांच्याकडे आले. एका साध्या शिपायापासून सुरुवात केलेल्या, फारसे न शिकलेल्या लष्करी माणसाकडे ते आले, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

संघ १६ जूनला दिल्लीत एकत्र आला आणि दिल्लीच्या स्थानिक संघाशी सामना खेळला. दिल्ली हे काही हॉकीचे मोठे केंद्र मानले जात नव्हते. या दिल्लीने ऑलिम्पिक संघाला ४–१ असे लोळवले. ज्या शहरात हाती पहिल्यांदा स्टिक धरली, त्याच शहरात कर्णधार म्हणून पहिल्याच पावलाला बसलेली ही ठेच ध्यानचंद यांच्या मनात प्रवासभर सलत राहिली. जुलैच्या मध्याला बर्लिनला पोहोचल्यावर सराव सामन्यात जर्मनीनेही नेमके ४–१ असेच हरवले. आता काळजीचे रूपांतर हालचालीत झाले. मायदेशी तार गेली आणि इनसाइड फॉरवर्ड अली दारा यांना तातडीने बोलावण्यात आले. ते उपांत्य सामन्याच्या वेळेस पोहोचले. तोवर भारताने हंगेरीला ४–०, अमेरिकेला ७–० आणि जपानला ९–० असे हरवले होते. उपांत्य सामन्यात फ्रान्सवर १० गोल झाले.

अंतिम सामना १४ ऑगस्टला व्हायचा होता. पावसामुळे तो १५ ऑगस्टवर गेला. या तारखेला पुढे कोणता अर्थ येणार आहे, हे तेव्हा कोणाला ठाऊक असणार? समोर पुन्हा जर्मनी. सराव सामन्यातील पराभवाचे दडपण कपडे बदलण्याच्या खोलीत सर्वांना जाणवत होते. सहायक व्यवस्थापक पंकज गुप्ता यांनी काँग्रेसचा तिरंगा बाहेर काढला आणि खेळाडूंनी त्याला वंदन केले. मैदानावर हा संघ ब्रिटिश हिंदुस्थानचा म्हणून उतरत होता आणि कर्णधार त्याच राजवटीच्या सैन्याचा पगारी जवान होता. त्या वंदनात त्याने काय पणाला लावले, याची कल्पना लष्करी शिस्त माहीत असलेल्यांना सहज येईल.

ओल्या मैदानावर पूर्वार्ध अवघड गेला. मध्यंतराला भारताकडे केवळ एका गोलाची आघाडी होती. उत्तरार्धात ध्यानचंद यांनी खिळ्यांचे बूट आणि मोजे काढून टाकले, त्यांच्या हालचाली मोकळ्या झाल्या आणि गोलांची रांग लागली. भारत ८–१ ने जिंकला. जर्मनीचा तो गोल हा संपूर्ण स्पर्धेत भारतावर झालेला एकमेव गोल. या सामन्यात ध्यानचंद यांचे गोल किती, याबाबत मात्र नोंदींमध्ये मेळ नाही : काही ठिकाणी ३, तर काही ठिकाणी ६. त्यामुळे त्यांच्या तीन ऑलिम्पिकमधील एकूण गोलांचे आकडेही वेगवेगळे छापले जातात. क्रमवारी आकड्यांवर रचणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे. हिटलरने त्यांना जर्मन सैन्यात मोठ्या हुद्द्याचे आमिष दाखवले, ही गोष्ट त्याहून लोकप्रिय आहे. तिला समकालीन नोंदींचा आधार नाही आणि ध्यानचंद यांच्या मोठेपणाला तिची गरजही नाही.

बर्लिननंतर ध्यानचंद ३१ वर्षांचे झाले. १९४० आणि १९४४ ची ऑलिम्पिक युद्धाने गिळली. पंजाब रेजिमेंटमधील नोकरी चालू राहिली, युद्धकाळात त्यांना अधिकारीपद मिळाले आणि खेळाची ऐन उमेदीची वर्षे बराकींत सरली. १९४७–४८ मध्ये पूर्व आफ्रिकेतील भारतीयांनी संघाला निमंत्रण दिले तेव्हा ध्यानचंद असतील तरच संघ पाठवा, असा आग्रह धरला. ४२ वर्षांच्या या गृहस्थांनी त्या दौऱ्यात २२ सामन्यांत ६१ गोल केले. त्यांच्यासोबत तेव्हा के. डी. सिंग ‘बाबू’ खेळत होते. पासची ती जाण पुढच्या पिढीकडे गेली ती बाबूंच्या स्टिकमधून, हे अनेक जुने जाणकार मान्य करतात.

त्याच काळात देशाची फाळणी झाली होती. बर्लिनला धावत पोहोचलेले दारा १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये पाकिस्तानचे कर्णधार होते. भारताच्या सेंटर फॉरवर्डच्या जागी आता बलबीरसिंग होते, आणि तुलना खऱ्या अर्थाने सुरू होते ती येथून. बलबीरसिंग यांनी तीन ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण मिळवले. वेम्बलीवर त्यांच्यासमोर ब्रिटन होता. भारताच्या ४–० विजयातले दोन गोल त्यांचे. १९५२ मध्ये हेलसिंकीत हॉलंडविरुद्धच्या अंतिम सामन्यात सहापैकी पाच गोल त्यांनी केले. ऑलिम्पिकच्या आठ सामन्यांत २२ गोल ही त्यांची कमाई. निव्वळ गोल करण्याचे कसब आणि प्रतिस्पर्ध्याची ताकद यांचा विचार केला, तर बलबीरसिंग यांचे पारडे जड ठरते, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही. १९५६ मध्ये मेलबर्नला १५ गोल करणारे उधमसिंग हे याच पंगतीतले.

नंतरच्यांची तुलना अधिकच बिकट आहे. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये हॉकी कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली आणि भारत सातव्या स्थानावर घसरला. ध्यानचंद यांनी हे हयातीत पाहिले. ऑफसाइडचा नियम आधी सैल झाला आणि नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात पुरता गेला. पाच जणांची आघाडी फळी इतिहासजमा झाली. पेनल्टी कॉर्नरचे खास तज्ज्ञ निर्माण झाले. धनराज पिल्ले चार ऑलिम्पिक आणि चार विश्वचषक खेळले, पण ऑलिम्पिकचे एकही पदक त्यांच्या गळ्यात पडले नाही. दोन-तीन बचावपटूंना हुलकावणी देऊन धनराज वर्तुळात शिरत तेव्हा अनेकदा चेंडू घ्यायला योग्य जागी कोणी नसे. ध्यानचंद यांना रूपसिंग मिळाले, धनराजना तसे कोणी नेहमी मिळाले नाही. हा खेळाडूचा दोष कसा मानायचा?

तरीही पहिल्या क्रमांकाचा प्रश्न टाळायचा नसेल, तर ध्यानचंद यांचा हक्क गोलांवर नव्हे, बायटन कपच्या त्या एका पासवर उभा करावा लागेल. बलबीरसिंग यांनी आघाडी फळीचे टोक धारदार केले. ध्यानचंद यांनी ती फळी एक यंत्र म्हणून कशी चालते हे देशाला दाखवले. १९२८ ते १९५६ या काळातील सलग सहा सुवर्णपदकांमागची खेळण्याची पद्धत त्यांच्या आसपासच आकाराला आली.

१९५२ मध्ये त्यांचे ‘गोल’ हे आत्मचरित्र मद्रासहून प्रसिद्ध झाले. १९५६ साली ते मेजर पदावरून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत त्यांनी काही काळ मुख्य प्रशिक्षक म्हणून काम केले. पुत्र अशोककुमार यांनी १९७५ च्या क्वालालंपूर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध निर्णायक गोल केला, तेव्हा घरात पुन्हा एकदा हॉकीचा जल्लोष झाला. अखेरची वर्षे मात्र झाशीत आर्थिक ओढगस्तीत आणि विस्मृतीत गेली. १९७७ मध्ये रूपसिंग गेले. ध्यानचंद यांना यकृताचा कर्करोग जडला आणि उपचारांसाठी त्यांना दिल्लीला आणण्यात आले. ज्या शहरात सतरा वर्षांच्या शिपायाने स्टिक उचलली होती, तेथेच अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या सर्वसाधारण वॉर्डात ३ डिसेंबर १९७९ रोजी त्यांचे निधन झाले. मॉस्कोतील आठवे सुवर्णपदक तेव्हा अवघ्या आठ महिन्यांवर होते.

सन्मानांचा ओघ नंतर सुरू झाला. १९८० मध्ये टपाल तिकीट निघाले. त्यांचा जन्मदिवस राष्ट्रीय क्रीडा दिन झाला. १९३३ साली आयर्विन अ‍ॅम्फिथिएटर म्हणून बांधलेले आणि १९५१ च्या पहिल्या आशियाई स्पर्धा पाहिलेले दिल्लीचे राष्ट्रीय स्टेडियम २००२ मध्ये त्यांच्या नावाचे झाले. याच मैदानावर १९८२ च्या आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताने पाकिस्तानकडून १–७ असा पराभव पत्करला होता. २०१४ मध्ये भारतरत्न मिळवणारे पहिले खेळाडू सचिन तेंडुलकर ठरले, तेव्हा ध्यानचंद यांच्यासाठीची मागणी पुन्हा जोराने पुढे आली. २०२१ मध्ये देशाच्या सर्वोच्च क्रीडा पुरस्काराला, खेलरत्नला, त्यांचे नाव देण्यात आले.

त्यांचे पार्थिव दिल्लीहून झाशीला नेण्यात आले. अंत्यसंस्कार स्मशानभूमीत न होता झाशी हिरोजच्या मैदानावर झाले. पंजाब रेजिमेंटच्या जवानांनी आपल्या जुन्या मेजरला लष्करी मानवंदना दिली.